सात नंबरचा पाळणा

चाकणच्या मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागायला लागली, की माझ्या फोनवर गाण्यांच्या फर्माइशी सुरू होतात. "मॅडम, यंदा सोपं द्या बरं का." "ताई, मागच्या वर्षीचं नको, त्यात श्वास घ्यायलाच जागा नव्हती." "बर्फाचं कुणाला देऊ नका, ते माझं आहे." ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई लग्नातला ऑर्केस्ट्रा चालवते. प्रत्यक्षात मी गाड्यांचे दरवाजे बनवणाऱ्या एका कारखान्यात जपानी भाषेची दुभाषी आहे. गेली अकरा वर्षं डांगे चौकात कंपनीची बस पकडते, मोशीच्या कोंडीत अर्धा जन्म घालवते, आणि चाकणला पोचल्यावर दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं आपल्या तोंडाने बोलते.

मार्च हा आमच्याकडे निरोपाचा हंगाम. जपानी साहेब तीन-चार वर्षांसाठी येतात आणि जायची वेळ आली की मार्चअखेरीलाच जातात, कारण एप्रिल लागला की त्यांच्याकडे प्रत्येक माणूस नव्या खुर्चीत बसलेला लागतो. इकडे आमचं वर्षाचं टार्गेट, तिकडे त्यांच्या बॅगा. जाणाऱ्याला तळेगाव रस्त्यावरच्या जपानी हॉटेलात जेवण द्यायचं आणि जेवणानंतर कराओके. पडद्यावर शब्द पळतात, मागे नुसतं संगीत वाजतं, आणि ज्याच्या हातात माइक आहे त्याने आपली अब्रू पणाला लावायची. गाणी मात्र जाणाऱ्याच्या तरुणपणातली हवीत, ही रीत. पन्नाशी उलटलेल्या माणसाने विशीत रेडिओवर ऐकलेली, ऐकल्यावर हातातला ग्लास हातातच राहील अशी. आमच्या मंडळींना ती वाचता येत नाहीत, म्हणून मी निवडते, देवनागरीत लिहून काढते आणि गळ्याच्या ऐपतीप्रमाणे वाटून देते.

यंदा मात्सुदा-सान, म्हणजे मात्सुदासाहेब, चालले आहेत. यादी गुरुवारपर्यंत द्यायची आहे. रविवारची दुपार आहे, गच्चीवर आई कुरडया घालते आहे, आणि मी जिन्याच्या सावलीत वही घेऊन बंदरांची, बर्फाची आणि सुटून गेलेल्या आगगाड्यांची गाणी चाळत बसले आहे. शेवटची ओळ सोडून सगळी यादी झाली. शेवटच्या ओळीत माझं नाव असतं आणि त्यापुढचं गाणं गेल्या तीन वर्षांत बदललेलं नाही. ते लिहायचं तेवढं मी नेहमी शेवटी ठेवते.

मी जपानी शिकले ती आमच्या थेरगावातच, एका क्लासमध्ये. खाली फरसाणाचं दुकान, वर आम्ही, त्यामुळे माझ्या पहिल्या जपानी वाक्यांना अजून तळलेल्या शेवेचा वास येतो. बाबा धाराशिवहून पिंपरीला आले होते कंपनीत लागायला. मी अकरावीत असताना त्यांची कंपनी बंद पडली. त्या दिवशी ते डबा तसाच घेऊन घरी आले, आणि जेवताना म्हणाले, "एखादी परकी भाषा शीक. कंपनी बंद पडती, भाषा काय बंद पडायची न्हाई." बाबांनी आयुष्यात दिलेला एवढाच सल्ला मी ऐकला.

क्लासच्या बाई आधी गाणं शिकवायच्या आणि मग व्याकरण. त्यांच्याकडे जुन्या जपानी गाण्यांच्या कॅसेटी होत्या, काही इतक्या झिजलेल्या की गाणारी बाई पाण्याखालून गातेय असं वाटायचं. त्यामुळे 'दीपगृह', 'स्वेटर विणणे' आणि 'तुझ्या पत्राची वाट पाहून थकले' हे मला जपानीत यायला लागलं, पण बोल्टला काय म्हणतात ते येईना. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी एका जपानी साहेबाने माझ्यापुढे बोल्ट धरला आणि माझी जी वाचा बसली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. बाईंचा एक नियम मात्र पाठ होता. वर्ग सुटताना त्या बजावायच्या, "दुभाष्याने आपलं काही घालायचं नाही आणि दुसऱ्याचं काही ठेवून घ्यायचं नाही. ठेवून घेतलंत तर मी त्याला चोरी म्हणेन." आम्ही हसायचो. वाक्य काय कुणी चोरतं का?

आमच्या लाइनवर कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काम करताना काही खटकलं तर ती ओढायची. ओढली की लाइन थांबते, दिवा पेटतो आणि एक धून वाजायला लागते. कुठे थांबलं आहे ते न बघताही कळावं म्हणून प्रत्येक जागेची धून वेगळी, आणि सगळ्या धुना जुन्या जपानी गाण्यांच्या. आमच्या मंडळींनी त्यांची बारशी केलेली आहेत. तीन नंबरची 'बँडवाला'. पाच नंबरची 'आइस्क्रीम', कारण ती उन्हाळ्यात गल्लीत फिरणाऱ्या गाडीसारखी वाजते. आणि सात नंबरची 'पाळणा'. फार गोड धून, हलके झोके घेणारी. पण पाळणा वाजला की कुणाची झोप उडाली नाही असं झालं नाही. सुपरवायझर पळत येतो, बोर्डावरचे आकडे लाल होतात, मिनिटं मोजली जातात आणि दोरी ओढणारा माणूस हात खाली करून गुन्हेगारासारखा उभा राहतो. एकाने गंमत म्हणून ती धून फोनला लावली होती. कँटीनमध्ये फोन वाजला आणि चौघं ताटावरून उठले. पाचव्याने तो फोन आमटीत बुडवला.

जपानी माणसाला ज्या सुरांनी आपलं गाव आठवतं, त्याच सुरांनी आमच्या माणसांच्या मानेवर घाम येतो. हे मला रोज दिसत होतं आणि दोन्ही बाजूंना सांगणं माझंच काम होतं, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

धुना निवडल्या होत्या ओगावा-साननी. ते तेव्हाचे आमचे प्लांटचे मुख्य. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, खिशात कायम हातरुमाल. एकदा मोशीच्या पुलावर आमची गाडी तासभर अडकली होती. खाली इंद्रायणीचं पाणी हिरवंगार साचलेलं, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मी सहज विचारलं, सात नंबरला हीच धून का? ते म्हणाले, "माझ्या गावात संध्याकाळी पाच वाजता भोंग्यावर हे गाणं लावायचे. पोरांनी खेळ थांबवून घरी यायचं, म्हणून. कुणी ओरडायचं नाही, मारायचं नाही. गाणं लागलं की थांबायचं." मग समोरच्या कंटेनरकडे बघत म्हणाले, "थांबायला सांगणारा आवाज भीतीचा असू नये. म्हणून." दोरी ओढणाऱ्याचे आभार मानायचे असतात, असं त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं. मीच त्याचा मराठी अनुवाद केला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

आता त्या मार्चबद्दल. उन्हाचा तडाखा लवकर सुरू झाला होता. पत्र्याच्या शेडमध्ये पंखे गरम वारा फेकत होते. मार्केट यार्डाकडून कांद्याचा वास यायचा, तो बसमध्ये, कपड्यांत, डब्याच्या झाकणावर बसायचा. वर्षाचं टार्गेट चार दिवसांनी मागे होतं आणि प्रत्येक माणूस दुसऱ्याशी दात आवळून बोलत होता. प्रॉडक्शनचे जाधवसाहेब सकाळी सात ते संध्याकाळी सात लाइनच्या कडेने येरझाऱ्या घालत. ओगावा-सान महिनाअखेरीला जाणार होते. जाण्यापूर्वी कायम करायच्या कामगारांची यादी त्यांच्या सहीने पुण्याच्या ऑफिसला जायची होती. माझंही काँट्रॅक्ट दर वर्षीच्या एकतीस मार्चला संपायचं आणि त्यावर शिफारस लागायची ती जाधवसाहेबांची. हे सगळं एकाच महिन्यात.

त्या यादीत एक नाव दत्ताभाऊंचं होतं. कच्ची यादी मीच जपानीत उतरवली होती, त्यामुळे मला माहीत होतं. दत्ताभाऊ सात नंबरवरचे. चाकणजवळच्याच गावचे, घरी थोरला भाऊ कांदा करतो, हे कारखान्यात. सहा वर्षं काँट्रॅक्टवर काढलेली. दर मार्चला यादी निघायची आणि दर मार्चला त्यांच्या हातात पेढ्याऐवजी नवं काँट्रॅक्ट यायचं. गेटवर भेटले की म्हणायचे, "मॅडम, औंदा आपला नंबर लागतोय बरं का. मंडळीनं तर नारळ बी आणून ठिवलाय."

मंगळवारी दुपारी पाळणा वाजला.

मी ऑफिसात होते. धून थांबेना. एरवी मिनिटभरात बंद होते. ती दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं वाजत राहिली, तेच झोके पुन्हा पुन्हा. मग मला बोलावणं आलं. लाइनला लागून काचेची खोली आहे, तिथे ओगावा-सान, जाधवसाहेब, क्वालिटीच्या एक बाई आणि समोर दत्ताभाऊ उभे. तेवीस मिनिटं लाइन बंद होती. काचेबाहेर सगळे हात बांधून आत बघत होते.

ओगावा-साननी शांतपणे विचारलं, दोरी का ओढली? मी मराठीत विचारलं.

दत्ताभाऊ म्हणाले, "साहेब, तिसरा बोल्ट हाताला मऊ लागतोय. रोज न्हाई, मधी मधी. शनिवारी सांगितलं, काल बी सांगितलं. जाधवसाहेब म्हणले, मार्च निघू दे, मग बघू. आज परत मऊ लागला, म्हून वडली दोरी. माझ्या हातनं गेलेला दरवाजा कुनाच्या तरी गाडीला बसनार हाय. त्यात लेकरं बसत्यात. मला ते बरं वाटंना."

बोलताना त्यांची बोटं हवेत बोल्ट फिरवत होती. जाधवसाहेबांचं नाव आलं तेव्हा माझ्या उजव्या बाजूला घसा खाकरल्याचा आवाज झाला. अगदी हळू. मी तिकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

मी ओगावा-सानकडे वळले आणि जपानीत म्हणाले, "बोल्टबद्दल त्यांना शंका आली."

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

तपासणी झाली. वीस बोल्ट बघितले, वीसच्या वीस घट्ट. दोरी विनाकारण ओढली, असं कागदावर आलं. तो कागदही मीच जपानीत केला. बुधवारी दत्ताभाऊंना पॅकिंगला पाठवलं, आणि गुरुवारी यादी सही होऊन गेली तेव्हा त्यांच्या नावावर आडवी रेघ होती. मला आठवतं, मी रेघेकडे बघत होते आणि मनात चक्क असा विचार आला की रेघ किती सरळ मारली आहे. माणूस स्वतःपासून पळायला कुठली कुठली वाट काढतो!

शुक्रवारी गेटवर दत्ताभाऊ भेटले. अंगावर पॅकिंगची पुठ्ठ्याची धूळ. "काय मॅडम, बरं हाय ना?" म्हणाले. नेहमीसारखंच. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. मी "हो हो" म्हणत बसमध्ये चढले आणि भोसरी येईपर्यंत खिडकीला कपाळ लावून बसले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, निरोपाचं जेवण होतं आणि माझ्या मांडीवर गाण्यांची वही होती. ओगावा-सानना सांगायचं ठरवलं तर कधी सांगणार? त्यांच्या केबिनमध्ये सोपवासोपवी चालली होती, आणि जाधवसाहेब तिथून हलत नव्हते. हे खरं होतं, आणि मला ते सोयीचंही होतं. रविवारी संध्याकाळी ओगावा-सान विमानतळावर जाणार. मग सांगायला कुणी उरणार नाही आणि मी सुटेन. हा विचार मनात आला आणि मला माझीच किळस आली.

माझ्या नावापुढे मी तेव्हा एक बंदरावरचं गाणं लिहिलं होतं. कुणीतरी बोटीवरून हात हलवतं, कुणीतरी किनाऱ्यावर उभं राहतं. दर वर्षी चालतं, कुणाला त्रास होत नाही. शुक्रवारी घरी आल्यावर चहाही न घेता मी ते खोडलं आणि त्या जागी कराओके यंत्रातला पाळण्याचा नंबर लिहिला. ते गाणं मी कधीच कुणाला देत नसे. निरोपाच्या जेवणात लाइनवरची भीती कशाला आणायची, असं वाटायचं. त्या वर्षी मला ती आणायची होती, निदान माझ्यापुरती तरी. त्या सुरांसमोर मी पुन्हा 'एवढंच' म्हणू शकते का, ते मला बघायचं होतं.

जपानी हॉटेल टायरच्या दुकानावर आहे. दारात बूट काढून आत जावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी मी सगळ्यांना 'मोजे धड घाला' असा निरोप धाडते. तरी दर वर्षी कुणाचा तरी अंगठा बाहेर आलेला असतोच. आत गाद्यांवर बसायचं, खाली टायर फुगवायच्या यंत्राचा धाडधाड आवाज, वर साके ही जपानी दारू आणि भजी. हो, भजी, हॉटेलवाल्याने आमच्या लोकांसाठी ठेवलेली. जेवण झालं, पडदे ओढले, यंत्र सुरू झालं. स्टोअरच्या साहेबांनी तीन ओळींचं गाणं पाच वेळा म्हटलं. क्वालिटीच्या बाई लाजत लाजत छान गायल्या. जाधवसाहेबांनी बर्फाचं गाणं उचललं, चाळीस डिग्रीच्या दुपारी, डोळे मिटून, हातवारे करून. आणि खरं सांगते, ते चांगलं गातात. ओगावा-सान मांडीवर ताल धरत होते.

मग माझं नाव पुकारलं. माइक घामाने ओला झालेला होता.

पहिले सूर वाजले आणि खोलीतली आमची सगळी माणसं ताठ झाली. दोघं उभेच राहिले. लाइनच्या एका सुपरवायझरचा हात तर वर दोरीकडे गेला, जिथे दोरी नव्हती. मग सगळ्यांना भान आलं आणि हशा पिकला. "अहो मॅडम, इथं बी पाळणा!" कुणीतरी ओरडलं. हसला नाही तो फक्त एक माणूस. ओगावा-साननी चष्मा काढला होता आणि ते आपल्या माणसांकडे बघत होते. आपल्या गावच्या भोंग्याने एवढी माणसं अशी दचकलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. लाइनवर ते पोचेपर्यंत सगळे दचकून झालेले असत.

पहिलं कडवं मी कसंबसं गायले. दोन कडव्यांच्या मधे संगीताचा एक तुकडा असतो, तेव्हा पडद्यावर शब्द नसतात, नुसतं पाणी हलताना दाखवतात. गाणारे तेवढ्या वेळात पाणी पितात, नाहीतर आभार मानतात. मी माइक तोंडापाशी धरला आणि जपानीत बोलायला लागले. मंगळवारी खोलीत दत्ताभाऊ जे बोलले ते, पहिल्या शब्दापासून. तिसरा बोल्ट हाताला मऊ लागतो. रोज नाही, मधून मधून. शनिवारी सांगितलं, काल सांगितलं. आमच्या लोकांना वाटलं, मी निरोपाचं भाषण करते आहे. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जाधवसाहेबही वाजवत होते, मान डोलावत, आणि मग माझ्या जपानीत त्यांना त्यांचं नाव ऐकू आलं. त्यांची टाळी अर्ध्यावर राहिली. दोन्ही हात तसेच, एकमेकांपासून वीतभर लांब.

"त्यात लेकरं बसतात," मी म्हणाले. "हे सगळं त्यांनी सांगितलं होतं. मी ठेवून घेतलं."

आणि दुसरं कडवं आलं. पडद्यावर शब्द पळायला लागले आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना. ओगावा-सान उठले, दुसरा माइक घेतला आणि माझ्या शेजारी उभं राहून शेवटपर्यंत गायले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. यंत्राने आम्हाला शंभरापैकी एक्कावन्न दिले आणि पडद्यावर फुलं उडवली.

बाहेर बूट घालताना ते माझ्याजवळ वाकले आणि एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी आठ वाजता त्यांना बोलवता येईल?"

तीन मार्च झाले या गोष्टीला. सात नंबरवरच्या चौकटीत दरवाजा जिथे अडकवतात, ती पिन एका बाजूने झिजलेली निघाली. त्यामुळे मधूनच एखादा दरवाजा तिरका बसायचा आणि बोल्ट मऊ लागायचा. गोदामातून दरवाजे परत आणून तपासावे लागले. दत्ताभाऊ सात नंबरवर परत आले, पण सही झालेली यादी बदलली नाही. त्यांचं नाव लागलं ते पुढच्या मार्चला. ते एक वर्ष मी त्यांचं खाल्लं, ते कुठल्याही कागदाने भरून येत नाही. नारळ त्यांच्या घरी वर्षभर देवापुढे होता. माझं काँट्रॅक्ट वाढलं, पण दोन महिने मला मीटिंगला कुणी बोलावलं नाही. जाधवसाहेब अजून आहेत. बर्फाचं गाणं राखून ठेवा म्हणून निरोप येतो तो त्यांचाच. मला त्यांचा राग येतो का? येतो. पण त्या खोलीत त्यांनी नुसता घसा खाकरला होता. बोलायचं काम माझं होतं.

कधी कधी वाटतं, मी एवढी धीट असते तर मंगळवारीच बोलले असते. गाण्याच्या आडोशाला उभं राहून बोलले, त्यात कसलं शौर्य? बाईंचा 'चोरी' हा शब्द आठवतो आणि कान गरम होतात. आजही खोलीत कुणी लांब बोलायला लागलं आणि कुणी "मॅडम, थोडक्यात सांगा" म्हणालं की मला ती काचेची खोली आठवते. मी थोडक्यात सांगत नाही. कंटाळतात लोक, घड्याळ बघतात. बघू देत.

आईने वरून हाक मारली, कुरडयांवर फडकं टाकायला ये. मी यादीच्या शेवटच्या ओळीत पाळण्याचा नंबर लिहिते आणि दर वेळी तो लिहिताना दिसते ती दुपारची हॉटेलची खोली नाही, दुसऱ्या दिवशीची रविवारची सकाळ दिसते.

कारखाना बंद होता. शेडमध्ये पंखे नाहीत, आवाज नाही, पत्र्यावर कबुतरांची नखं तेवढी वाजत होती. ओगावा-सान प्रवासाच्या कपड्यांत आले होते. दत्ताभाऊ सुट्टीचा पांढरा शर्ट घालून, भावाच्या मोटरसायकलवरून आलेले. बुटांना शेतातली माती. मी मधे उभी. सात नंबरच्या दोरीखाली ओगावा-सान कमरेत वाकले, खूप वेळ वाकून राहिले, आणि म्हणाले, "दोरी ओढल्याबद्दल आभार." मी ते मराठीत सांगितलं. आभार मानताना ते वाकले आहेत, हेही सांगितलं, जसं काही दत्ताभाऊंना दिसत नव्हतं.

दत्ताभाऊंनी दोरीला हात लावून बघितला. मग ओगावा-सानकडे बघत, पण मला म्हणाले, "मॅडम, आता मी बोलतो ते सगळं सांगा साहेबास्नी. बोल्ट मऊ लागत व्हता, मी तीनदा बोललो. आन त्या दिशी खोलीत मी एवढा लांब बोललो, तुमचं एका घोटात संपलं. मला जपानी येत न्हाई, पर लांबी कळती. तवाच कळलं व्हतं मला. गेटवर बोललो न्हाई, तुमालाबी लेकरंबाळं असतील म्हनलं."

मला लेकरंबाळं नाहीत. आई आहे आणि एक भाषा आहे.

मी ओगावा-सानकडे वळले. मी सुरुवात केली, बोल्टपासून. तीनदा बोलले ते सांगितलं. मग तेही सांगितलं, की मी खोलीत एवढा लांब बोललो आणि या बाईंनी ते एका घोटात संपवलं, की मला जपानी येत नाही पण लांबी कळते, की मला तेव्हाच कळलं होतं. गेटवरचंही सांगितलं. लेकराबाळांचंही सांगितलं. सांगताना दत्ताभाऊ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी थांबले तेव्हा शेडमध्ये पुन्हा कबुतरांचा आवाज आला.

दत्ताभाऊंनी मान हलवली.

"आता बराबर आली लांबी," ते म्हणाले.